उधारीची वही



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांचे पत्र मला आले तेव्हा त्यात विषय दिला होता, 'गावचे धंदे आणि समाजाचे सहकार्य'. पत्राच्या खाली त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली होती: श्रोत्यांत व्यापारी मंडळीही असतील, तेव्हा मांडणी त्या बेताने व्हावी. मी युनियनचा माणूस. दुकानदारांची आणि माझी गाठ बहुधा बंदच्या दिवशी पडते. त्यांचे शटर अर्धे खाली आलेले असते आणि मी बाहेर उभा असतो. तेव्हा चिटणिसांची काळजी मला समजते. पण ज्यांच्या मजुरीवर ते शटर वर राहते त्यांच्यात माझा सगळा दिवस जातो, म्हणून या विषयावर दोन शब्द बोलण्याचा थोडा हक्क मलाही आहे असे वाटले आणि मी होकार कळविला.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. माझी शाळा आठवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सोलापुरात, युनियनच्या कचेरीतील एका कपाटातल्या पुस्तकांवर. म्हणून मी सिद्धांत मांडीत नाही. एका वहीविषयी बोलतो.

ती वही तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. लाल कापडी बांधणीची, उभट, कोपऱ्यांना तेलाचे डाग पडलेली. त्यात नावे कशी असतात? 'टाकीजवळच्या मावशी', 'मास्तरांचा धाकटा', 'वरची खोली'. ती नावे त्या गल्लीबाहेर कोणाला कळणार नाहीत, आणि कळायची गरजही नसते. हीच आपल्याकडील सहकार्याची सर्वांत जुनी वही. सहकारी कायदा आपल्या देशात १९०४ साली आला. ही वही त्याच्या कितीतरी आधीची.

उधारीविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. गिऱ्हाईक म्हणते, दुकानदार भला माणूस आहे, अडचणीला देतो. दुकानदार म्हणतो, भलेपणा कसला, दिले नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. दोन्ही मते आपापल्या जागी खरी आहेत, पण दोन्हींत तिसऱ्या एका माणसाचे नाव येत नाही. तो माणूस कोण हे पाहायचे तर मुंबईच्या गिरणगावात जावे लागेल. मी तेथला नव्हे, सोलापूरच्या पूर्व भागातला. पण कामगार चळवळीतल्या माणसाला लालबाग-परळ हे काशीच्या ठिकाणी आहे.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचा माणूस गिरणीत लागला की त्याचा पहिल्या महिन्याचा पगार त्या महिन्याच्या अखेरीस मिळत नसे. पुढच्या महिन्याची दहा-पंधरा तारीख उजाडे. म्हणजे कामावर हजर झाल्यापासून दीड महिना त्याने खायचे काय? वाण्याकडून उधार आणायचे. पुढे १९३६ साली पगारवाटपाचा कायदा झाला. त्याने हजारांहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी सात तारखेच्या आत, मोठ्या ठिकाणी दहा तारखेच्या आत पगार द्यावा असे ठरविले. तेवढ्याचेदेखील आम्हांला मोठे अप्रूप वाटले. आता हिशेब करा. कामगाराने काम केलेले आहे. त्याचे दाम मालकाकडे आहे. ते दाम मालक वापरतो, आणि कामगाराच्या घरचे तांदूळ वाण्याच्या भांडवलावर शिजतात. वहीत नाव कामगाराचे होते खरे. पण वाण्याने कर्ज दिले होते ते गिरणीमालकाला. त्या कर्जाचे व्याज मात्र कामगार भरी. १९३१ साली रॉयल कमिशनचा कामगारांविषयीचा अहवाल आला, त्यात रुपयाला महिन्याला एक आणा हा व्याजाचा दर सर्रास आढळल्याची नोंद आहे. सोळा आण्यांच्या रुपयाला महिना एक आणा, म्हणजे सालाचे शेकडा ७५. वर मालाच्या भावात आणि वजनात काय जाई ते वेगळे.

त्या साखळीत वाण्याच्याही अलीकडे एक बाई होती. खानावळवाली. नवरा गिरणीत, घर दहा बाय दहाचे, आणि त्यातच दहा-पंधरा एकट्या कामगारांची दोन वेळची जेवणे. पाळीप्रमाणे डबे. जेवणाऱ्यांचे पैसे पगार झाल्यावर येणार, म्हणून ती वाण्याकडून महिनाभर उधार आणणार. गिरणी बंद पडली तर जेवणारा म्हणणार, बाई, थोडे थांबा. ती थांबे. वाणी फार दिवस थांबत नसे, कारण त्याच्या मागे मशीद बंदरचा घाऊक व्यापारी उभा असे. मग बाईच्या गळ्यातले सावकाराकडे जाई. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप सहा महिने चालला. आम्ही भाषणांत त्याचे श्रेय पुढाऱ्यांना आणि लाल बावट्याला देतो, आणि ते द्यावेच. संपसमितीने धान्यवाटप केले तेही खरे. पण सहा महिने लाख-दीड लाख माणसे जगली त्यात या बायकांचे गळे मोकळे झाले, हे आमच्या भाषणांत फारसे येत नाही. मला ते बोचते.

१९७४ साली गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला. त्यानंतरची गोष्ट. प्रेमा पुरव नावाच्या बाई होत्या. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या, नंतर मुंबईत कामगार चळवळीत रुजलेल्या. त्यांच्या ध्यानात आले की संपात ज्यांनी कामगार पोसला त्या खानावळवाल्यांना कोणतीच युनियन नाही. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालेले होते. या बायकांचे गट करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. जामिनाला दागिना नव्हता, शेजारीण होती. एकीने दुसरीची हमी घ्यायची. एवढ्याने काय झाले? बाईच्या हातात रोख आले. रोख आले की ती वाण्याच्या दारात गरजू म्हणून न जाता गिऱ्हाईक म्हणून गेली, आणि तीच तूरडाळ तिला निराळ्या भावाने मिळाली. धंदा जुनाच, हात जुनेच, चूलही तीच. फक्त उधारीची साखळी एका जागी तुटली.

१८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. गावाकडून धान्य आले, माणसे गावाकडे परतली, आणि पुढे गिरण्याच एकामागून एक मिटल्या. गिरण्या मिटल्या तेव्हा कोपऱ्यावरचा वाणी, सायकलवाला, केशकर्तनालय, कामगारांचे हॉटेल ही सर्व मंडळीही त्यांच्यामागून गेली. त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. भरपाईच्या कोणत्या यादीत त्यांची नावे आली असतील असे मला वाटत नाही. अन्नपूर्णेच्या बायका मात्र बऱ्याच प्रमाणात तगल्या. गिरणी कामगार उरला नाही तेव्हा त्यांची संस्था दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळू शकली, कचेऱ्यांना जेवण पुरवू लागली. एकट्या बाईला हे साधले असते काय?

आता कोणी म्हणेल, उधारीला दुसरा उपाय वर्गणीचा आहे. आहे, आणि आपल्या महाराष्ट्राने तो मोठ्या मनाने करून पाहिला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली. प्रत्येकाने एक पैसा द्यायचा. टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला. पैशापैशाने काचेची भट्टी पेटली आणि तेथे काचकामाचे कारागीर तयार झाले, ही थोर गोष्ट आहे. परंतु वर्गणी ही वर्गणीच. गावच्या वाण्याचे दुकान वर्गणीवर चालत नाही, आणि चालू नये. दुकानाला रोज सकाळी गिऱ्हाईक लागते.

हा गुंता ज्यांनी प्रथम नीट सोडविला ते आपल्यासारखेच कामकरी लोक होते. इंग्लंडात रॉचडेल नावाचे गाव आहे, लोकरी कापड विणणाऱ्यांचे. तेथे मजुरीवाढीची चळवळ फसली होती आणि हातांत काही उरले नव्हते. अशा वेळी अठ्ठावीस जणांनी, त्यांत बरेचसे विणकर, आठवड्याला काही पेन्स बाजूला टाकून अठ्ठावीस पौंडांच्या आसपास भांडवल गोळा केले, आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन या गल्लीत दुकान उघडले. माल किती? थोडे लोणी, साखर, कणीक, जवाचे पीठ आणि काही मेणबत्त्या. गल्लीतली पोरे हसली म्हणतात.

या दुकानाचा एक नियम वाचून मी प्रथम चक्रावलो होतो. उधार नाही! गरिबांनी गरिबांसाठी काढलेले दुकान, आणि उधार नाही. कारण त्याच गावात दहा वर्षांपूर्वी विणकरांनी असेच एक दुकान काढले होते आणि ते उधारीत बुडाले होते. त्यांनी ठरविले की माल चोख द्यायचा, वजन पुरे द्यायचे, बाजारभावाने विकायचे, पण रोखीने. दर तिमाहीला जो नफा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली तितक्या प्रमाणात त्याला परत. आणि भाग कितीही असोत, मत एकच. बाईला सभासद होता येई. त्या काळी इंग्लंडात कणकेत काय काय मिसळीत याच्या हकीकती वाचल्या तर जेवण जाणार नाही; तेव्हा नुसत्या चोख मालावरच अर्धे गिऱ्हाईक आले असावे.

पण माझे मन त्या परतीच्या नफ्याशी थांबते. सभासदाला तो घरी नेता येई, नाहीतर दुकानातच ठेवता येई. म्हणजे बाई रोजचे पीठ विकत घेत असता नकळत तिची शिल्लक साठत होती. अडचण आली की तिने दुकानदारापुढे हात पसरायचा नव्हता. आपलीच शिल्लक उचलायची होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, कापूस येईना, लँकेशरच्या गिरण्या थंडावल्या, लोक उपाशी पडू लागले. त्या कापूस-दुष्काळातून रॉचडेलचे दुकान तरून निघाले. उधार न देणाऱ्या दुकानाने वाईट दिवसांत जे केले ते उधार देणाऱ्या कित्येक दुकानांना झेपले नाही.

येथे थांबलो असतो तर सहकाराच्या सप्ताहातील भाषण झाले असते. पण पुढची गोष्ट युनियनच्या माणसाने सांगितली नाही तर कोण सांगणार? त्याच रॉचडेलच्या लोकांनी १८५४ साली सहकारी कापडगिरणी काढली. तीत नियम असा की नफ्याचा वाटा भागधारकाला तसाच तेथे राबणाऱ्या कामगारालाही. गिरणी चालली, नाव झाले, बाहेरचे भागधारक आले. १८६२ साली त्यांनी मते टाकून कामगाराचा वाटा बंद केला. ज्यांनी मते टाकली ते लॉर्ड नव्हते, बँकर नव्हते. बरेचसे साधे, काटकसरी, शेजारचेच लोक होते. आपल्याकडे प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला, १९५० साली पहिला गळीत हंगाम झाला. केवढे काम ते! त्या धर्तीवर पुढे जे कारखाने निघाले त्यांच्या सभासदांच्या यादीत ऊस पिकविणारा असे. ऊस तोडणारा, बीडहून बैलगाडी घेऊन आलेला, त्या यादीत नसे. कोणत्याही संस्थेचा अहवाल हातात आला की मी प्रथम नफा पाहत नाही. त्या नफ्यासाठी राबलेल्यांपैकी कोणाची नावे यादीत आली नाहीत ते शोधतो.

नावे असलेली एक यादी मात्र मी कौतुकाने वाचली. ती कण्णूरची. मी स्वतः बिडी कामगारांत काम करतो, त्यामुळे या गोष्टीत माझा जीव आहे. १९६६ साली बिडी-सिगार कामगारांचा कायदा झाला. केरळ सरकारने तो लागू करायचे मनावर घेतले तेव्हा तेथल्या मोठ्या बिडी कारखानदारांनी १९६८ साली कामच बंद केले. सुमारे बारा हजार माणसे रस्त्यावर आली. त्यांनी मोर्चे काढले, आणि १५ फेब्रुवारी १९६९ रोजी स्वतःची सहकारी संस्थाही सुरू केली. नाव दिनेश बिडी. प्रथम तीन हजारांना काम देता आले, पुढे चाळीस हजारांवर गेले. कायद्यातली रजा, भविष्यनिर्वाह निधी, सगळे त्यांनी दिले आणि तरीही बाजारात टिकून दाखविले. बिडी वळताना एक जण मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचा आणि बाकीचे वळता वळता ऐकायचे, अशी तिकडची रीत. माझे कपाटातले शिक्षण मला त्यापुढे फिके वाटते. पुढे लोक बिडी कमी ओढू लागले. ते चांगलेच झाले. बिडी कामगारांचा पुढारी असून मी हे म्हणतो. तेव्हा या संस्थेने मसाले, नारळाचे दूध, छत्र्या असे नवे धंदे काढले. मात्र पूर्वीइतक्या हातांना काम ती देऊ शकली नाही, हेही सांगितले पाहिजे.

मुंबईत नायगावला गिरणी कामगारांच्या ग्राहक संस्थेतून १९४८ साली जे सुरू झाले त्याचे पुढे अपना बाजार झाले. लिज्जत पापडाची, सात बायकांची आणि ऐंशी रुपयांची १९५९ सालची गोष्ट तर तुम्हांला माझ्याहून चांगली पाठ असेल. त्या सांगत बसत नाही. सोलापूरच्या एका लहान दुकानाची सांगतो. ते कोणत्याही पुस्तकात नाही.

आमच्या पूर्व भागात बिडी वळणाऱ्या बायकांची एक वस्ती आहे. तेथे किराण्याचे एक दुकान. दुकानदार वयस्कर, कानाने थोडा कमी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, बिडीचे काम थांबले. पाने नाहीत, तंबाखू नाही, आठवड्याचा हिशेब नाही. या गृहस्थाने वही उघडी ठेवली. पहिला महिना गेला, दुसरा गेला. मग त्याच्या घाऊक व्यापाऱ्याने माल रोखला, आणि तो आमच्या कचेरीत आला. दुकानदार युनियनच्या कचेरीत आलेला मी प्रथमच पाहिला. म्हणाला, "अण्णा, तुमच्या बायकांनी मला बुडवले."

आम्ही त्याच्या दुकानासमोर पारावर बैठक घेतली, तोंडाला फडकी बांधून, लांब लांब बसून. वस्तीने पाच बायकांची समिती नेमली. वही मोठ्याने वाचली गेली, एकेक खाते. दोन ठिकाणी रकमेवरून भांडण झाले, एकदा दुकानदार चुकला होता, एकदा बाई. काम सुरू झाल्यावर दर आठवड्याच्या हिशेबातून चालू माल रोखीने घ्यायचा आणि मागच्या बाकीपैकी काही द्यायचे, असे ठरले. तो करार कागदावर उतरविला, अंगठे-सह्या झाल्या, आणि तो कागद घेऊन समितीतल्या दोघी घाऊक व्यापाऱ्याकडे गेल्या. मी बरोबर होतो, पण बोललो नाही. व्यापाऱ्याने कागद दोनदा वाचला आणि अर्धा माल सोडला. उरलेला पहिला हप्ता पाहून देईन म्हणाला. तोही धंदाच करीत होता, त्याचा मला राग नाही.

पण बैठकीत दोन गोष्टी अशा निघाल्या की त्या सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. दुकानात सामान बांधून द्यायला एक पोरगा होता. त्याचा दोन महिन्यांचा पगार राहिला होता. मी ते काढले तेव्हा दुकानदार म्हणाला, "तो घरच्यासारखा आहे." 'घरच्यासारखा' हा शब्द ऐकला की मला धास्ती वाटते, कारण ज्याला घरच्यासारखा म्हणतात त्याचा पगार घरच्यासारखाच राहून जातो. २०१७ साली आपल्या राज्यात दुकाने-आस्थापनांचा नवा कायदा झाला, त्याने दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानांना बहुतेक कलमांतून मोकळे केले. म्हणजे गल्लीतल्या दुकानातला पोरगा कायद्याच्या वहीतही नाही आणि दुकानाच्या वहीतही नाही. समितीतली एक बाई, स्वतःचे नाव वहीत सर्वांत मोठ्या रकमेपुढे असलेली, म्हणाली, त्याचे नाव आधी लिहा. ते लिहिले गेले. हप्त्यांच्या पहिल्या पैशातून त्याचा पगार निघाला.

दुसरी गोष्ट दुकानदाराची, आणि ती मला निरुत्तर करून गेली. तो बायकांना म्हणाला, हात हलका होता तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात. आणि हिशेब झाला की त्या संध्याकाळी कोठे जाता? मोठ्या मार्टात. तेथे तेल दोन रुपयांनी स्वस्त म्हणून पाच लिटरचा डबा रोखीने आणता, आणि वीस तारखेला पाव किलो साखर माझ्याकडून उधार. "रोख तिकडे, उधार इकडे. मी जगायचे कसे?" बायका गप्प झाल्या. मीही त्या मार्टातून सामान आणलेले होते, तेव्हा मीही गप्प.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न बिडीवाल्या बायकांपुरता आहे काय? आपल्या घरांत महिन्याचा किराणा फोनवर बोट फिरवून येतो, आणि ऐन स्वयंपाकात कोथिंबीर संपली, पाहुणे आले, वीज गेली की आपण कोपऱ्यावर धावतो. तो दुकानदार रात्री साडेनवाला दार उघडतो, सुटे नसले तर उद्या द्या म्हणतो, परगावी गेलात तर किल्ली ठेवून घेतो. या कामाचे पैसे तो कशातून काढणार? पाच रुपयांच्या कोथिंबिरीतून? व्यापारी मंडळींनाही तितक्याच मोकळेपणी विचारतो. बायकांनी त्या दुकानदाराकडे बदल्यात तीन गोष्टी मागितल्या होत्या: भावाची पाटी बाहेर लावा, तागडी आमच्यासमोर तपासा, तारीख उलटलेला माल गरिबाच्या पोराच्या हातात देऊ नका. तो प्रथम चिडला. मग पाटी लागली. आपल्या गावात किती दुकानांवर पाटी आहे?

पुढे काय झाले म्हणाल, तर सर्व काही गोड झाले नाही. वर्ष-दीड वर्षात बहुतेक बाकी फिटली. काही कुटुंबे तेलंगणात आपल्या गावी गेली ती परतली नाहीत, त्यांचे पैसे गेले. एका खात्याचा माणूस साथीत वारला. समिती म्हणाली, त्याची बाकी सोडून द्यावी. दुकानदार उसळून म्हणाला, "माझ्या पैशावर उदार होणाऱ्या तुम्ही कोण?" बरोबर होते त्याचे. दोन आठवडे हा वाद चालला. शेवटी निम्मी त्याने सोडली आणि निम्मी बायकांनी दर घरी थोडे थोडे काढून भरली. ज्या दिवशी ती भरली त्या दिवशी, मला वाटते, ती वही पहिल्यांदा दोघांची झाली.

नंतर शेजारच्या आणखी दोन दुकानांना घेऊन तूरडाळ, तेल आणि साखर एकत्र आणायचे ठरले. तिघांची एकत्र मागणी म्हटल्यावर घाऊकवाल्याने भाव कमी केला. त्यातले थोडे गिऱ्हाइकाला, थोडे दुकानाला. तीन दुकानदार एकमेकांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते, म्हणून माल उतरताना समितीतली एक बाई उभी राहते. तिला त्याबद्दल दिवसाचे पैसे मिळतात; ते प्रथम मिळत नव्हते, मागून घ्यावे लागले. तेल एकत्र आणणे जमले आहे, डाळीवरून अजून कुरबुरी आहेत, कारण एकाला साधी हवी असते, एकाला उंची. रॉचडेलसारखी नोंदलेली संस्था करावी असा माझा आग्रह आहे. कारण समितीतल्या बायका थकल्या किंवा मी उद्या नसलो, तर नुसत्या भल्या मनावर हे किती दिवस चालेल याची मला खात्री वाटत नाही. सभासदाची पावती, वर्षाची सभा, तपासलेला हिशेब, एक माणूस एक मत, एवढे तरी हवे. दुकानदार म्हणतात, नोंदणी केली की सरकारी माणूस येणार आणि निवडणुका लागणार. पतपेढ्या कशा बुडाल्या ते लोकांनी पाहिले आहे, तेव्हा त्यांच्या भीतीला मी वेडेपणा म्हणत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा बैठक आहे.

माझी वेळ संपली, अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. समोर तिसऱ्या रांगेत किराणा व्यापारी मंडळाचे काही सभासद बसलेले मला मघाशी दाखविले होते, आणि मागे, उभे, त्यांच्या दुकानांतले दोन-तीन पोरगेही आहेत असे दिसते. प्रश्न विचारायचे असतील तर अध्यक्षांच्या परवानगीने प्रथम त्या मागच्यांनी विचारावेत. त्यांना दुकान उघडायला परत जायचे असेल.